मिठाला जागणारा

दिवाळे गावात, मच्छीमार सोसायटीच्या हापिसात
एक डेस्कटॉप आहे. सकाळी उठत नाही
आणि रात्री झोपत नाही.
असं फोनवर मंजुळा तांडेल म्हणाल्या,
आणि वर : "आमच्या धाकट्यासारखाच.
पण त्याला दुरुस्तीवाला मिळत नाय."

मी नेरूळहून स्कूटरवर गेलो.
पिशवीत मल्टिमीटर, ब्रश, दोन जुन्या रॅम
आणि ठरलेला प्रश्न : शेवटचं कोणी उघडलं होतं?
"कुणी नाय. बटन तीनदा दाबायचं,
मग डाव्या कुशीवर एक चापट.
पंधरा वर्सं हीच पद्धत हाय."

झाकण काढलं.
धूळ फारशी नव्हती. धूळ माझ्या ओळखीची,
करडी असते, फुंकली की उडते.
हे वेगळं होतं. रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट कीट,
स्क्रूंना पांढरा मोहोर.
टेबल खाडीकडच्या खिडकीखालीच.
पंधरा वर्षं वारा आत येत होता
आणि हा तो खात होता.
खाल्ल्या मिठाला जागतोय, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. डिझेलच्या परताव्याचे फॉर्म भरत होत्या.

खोडरबर मागितलं.
शिपायानं शाळेतून येणाऱ्या एका पोरीकडून आणलं,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
एकेक दात घासला.
पहिल्याच दाबाला बीप. एकच, छोटा, निरोगी.

सकाळचं झालं. रात्रीचं राहिलं.

"शट डाऊन केला की बंद होतो. दिवा विझला
हे बघूनच मी कुलूप लावते.
सकाळी येते तर पंखा फिरतोय,
पासवर्ड मागत बसलाय.
रखवालदारानं एकदा नारळ फोडला."

बटण अडकलेलं नव्हतं.
नेटवर्कची तार काढून पाहिली, माऊस उलटा ठेवून पाहिला.
मग आतल्या नोंदी उघडल्या :
सोमवारी तीन वीस.
मंगळवारी चार सहा.
बुधवारी चार त्रेपन्न.
व्हायरस वेळ पाळतो. भूतसुद्धा पाळतं म्हणतात, बाराची.
हे रोज पाऊण तास उशिरा
कोण येतंय कामावर?

मंजुळाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
बोटांच्या पेरांवर काही मोजलं.
"सोमवारी चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन.
वर खाडीची वीस मिन्टं."
आणि फॉर्मकडे परत वळत, सहज :
"भरती हाय ती."

भरती भरली की होड्या धक्क्याला लागतात,
बर्फाचा क्रशर सुरू होतो,
सोसायटीच्याच लाइनवर.
दिवे मान टाकतात. वीज जाते
पापणीएवढी, आणि येते.
आणि कुणीतरी कधीकाळी बायोसमध्ये लिहून ठेवलेलं :
वीज आली की ऊठ.
तो उठतो, बिचारा.
हापिसात कुणी नसतं.

मी ती ओळ बदलली. बंदच राहा, असं केलं.
अर्थिंग मोजलं, तेही सुकलेलं.
मागच्या खड्ड्यात पाणी घाला, म्हटलं.
"नुस्तं पाणी?"
मीठ टाकून.
आता मात्र हसल्या, इतक्या की चष्मा नाकावर पडला.
"वारा फुकट देतो थितं नको,
नि हितं इकत आणून टाकायचं!"

बिलबुकात काम काय लिहू, मला सुचेना.
लिहिलं : भरती बंद केली.
त्यांनी वाचलं. पान माझ्याकडे सरकवलं.
"ह्ये ऑडिटला चालनार नाय.
लिवा, मशीन निजवली."
निजवली. तीनशे पन्नास रुपये.

पोरगी दारात उभी होती, दप्तर पाठीला.
खोडरबर परत दिलं.
एक बाजू हिरवी झाली होती.
तिनं वास घेऊन पाहिला.